चौथ्या खुर्चीवरचा धोंडा

॥ श्री दत्त प्रसन्न ॥
साखळी, दि. १० नोव्हेंबर १९८१

ति. वन्संना सौ. विनोदिनीचा शि. सा. न. वि. वि.

रविवारची तालीम आटोपून पेडण्याला गेलात आणि चष्मा पियानोवरच विसरलात. बसच्या कंडक्टरकडे देत आहे, सोबत खतखत्याचा डबा. मीठ बेताचं आहे म्हणून मागच्यासारखी नावं ठेवू नका.

गोवामुक्तीनंतरच्या वर्षापासून तुम्हां तिघा भावंडांचं वाजवणं ऐकते आहे. तुमचा पियानो, ह्यांचं व्हायोलिन, गुरुदासभावोजींचा चेलो. पणजीचा रेडिओ झाला, मडगाव झालं, एकदा मुंबईही झाली. मला मात्र त्यातलं अजून काही कळत नाही. पण चवथीनंतर भावोजी गेले, त्यांच्या जागी आमची तारा बसू लागली, तेव्हापासून मी माजघरात माळ ओढते ती कान देऊन. भावोजींची करंगळी वाकडी, म्हणून संथ भागात ते किंचित थांबून स्वर धरत. तारा तश्शीच थांबते. तिची करंगळी धड आहे, आणि तो भाग काकांनी तिला शिकवलाच नव्हता. विचारलं तर म्हणते, आई, मी कुठं वाजवते, हात आपला जातो. आता जेवतानाही ती करंगळी दुमडून घास घेते.

डिसेंबरात पणजीच्या कार्यक्रमाला तिघांचं नाव पुन्हा लागणार म्हणून हे खुशीत आहेत. मला नाव नको, माझी पोर हवी. सासूबाईंचा नेम मी मोडलेला नाही. तिघांनी मिळून कामाला बसू नये, एकाला बाधतं, म्हणून त्या वाळवंटी नदीतला धोंडा चौथ्या खुर्चीवर मांडून चार करत. मीही मांडते, हळदकुंकू वाहते. मग माझ्याच लेकीला का बाधावं? तालीम थांबवू का, ते कळवा.

धाकटी म्हणून माया आहेच, ती उणी होऊ देऊ नये.

तुमची,
विनोदिनी

पेडणे, दि. १४ नोव्हेंबर १९८१

चि. सौ. विनूस अनेक आशीर्वाद.

चष्मा पोचला. खतखत्यात मीठ होतं, तिरफळं मात्र तू मोजून घातलीस गो! थट्टा पुरे.

मीही ऐकलं. गुरुदासचा स्वर तस्साच मागून येत होता. पियानोवरून मान वळवून बघायचा धीर मला झाला नाही. नजर गेली ती धोंड्यावर. आईच्या धोंड्यावर जानव्यासारखी पांढरी शीर होती. खुर्चीवरच्या धोंड्यावर ती मला दिसली नाही. चष्मा काढलेला, म्हणून मनाची समजूत घातली. तू नीट बघ, आणि तोवर ताराला चेलोला हात लावू देऊ नकोस.

सगुणला आणि ताराला आशीर्वाद. जपून राहा, पत्राची वाट पाहते.

तुझी,
चंद्रावती

साखळी, दि. २० नोव्हेंबर १९८१

ति. वन्संना शि. सा. न.

शीर नाही. उलट एका कडेचा टवका उडालेला आहे.

भावोजींचे दिवस चालू असताना मी खोली धुवायला काढली आणि धोंडा पडवीत नेऊन ठेवला. तिथंच स्मशानात मडकं फोडताना टवका उडालेला अश्मा पंच्यात गुंडाळलेला होता. नारायणभट त्यालाच भावोजी मानून रोज तिलांजली देववत होते. पंचा मळला म्हणून सोडून धुतला तो मीच. दोन्ही धोंडे वाळवंटीचे, दोन्ही मूठभर, काळे. दहाव्याला ह्यांनी सासूबाईंचा धोंडा नदीत सोडला. कावळा दोन तास शिवला नाही तो उगाच नव्हे. आणि इकडे मी भावोजींना खुर्चीवर बसवून अडीच महिने हळदकुंकू वाहते आहे!

हे धोंड्याला हात लावू देईनात. म्हणाले, कार्यक्रम होईपर्यंत राहू दे, माझा भाऊ मला परत मिळाला आहे. मी म्हटलं, तुमच्या भावाला जागा माझ्या लेकीच्या हातात नाही. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा त्यांचा शब्द मोडला. काल भर दुपारी नारायणभटांना घेऊन जाऊन अश्मा सोडला. पाण्यात जाईपर्यंत तो तापलेल्या अंगासारखा ऊन लागत होता.

घरी आले तर तारा चेलोपाशी रडत बसलेली. तो संथ भाग तिला येईना. किती वाईट वाजवलं तिनं, वन्सं! मी देवापुढं साखर ठेवली.

नदीवरून येताना पांढऱ्या शिरेचा धोंडा निवडून आणला होता. आज सकाळी तो चौथ्या खुर्चीवर मांडला. तारा उंड्या पावाचा तुकडा चघळत आली, करंगळी सरळ. खुर्चीकडे बघून सहज म्हणाली, आई, तो धोंडा काढ ना, काका बसतील कुठं?

माजघरातून आणखी एक खुर्ची आणली आणि धोंडा तिच्यावर ठेवला. ह्यांनी व्हायोलिन लावलं. ताराच्या चुका सगळ्या ताराच्याच होत्या. संथ भागात ती अडखळली, तेव्हा चौथ्या खुर्चीचा वेत तेवढा करकरला.

लेकरावर आशीर्वाद असू द्यावा, तुमचाही.

तुमची,
विनोदिनी

ता. क. पणजीच्या मंडळींना तुम्हीच लिहा की पाच खुर्च्या लागतील. का, ते लिहू नका.