ओवाळणीची चासी

नाशिक,
१० नोव्हेंबर २०२४

ती. स्व. मोहिनीताईस,
ज्ञानेशचा सा. न. वि. वि.

फोनवर बोललो की दोन मिनिटांत आपलं भांडण होतं आणि मुद्दा राहून जातो, म्हणून लिहायला बसलो. कागदावर तरी तू मला मध्येच तोडणार नाहीस.

भाऊबीजेला ओवाळल्यावर तू साडी नको म्हणालीस. जीपची चासी नीट करून दे, हीच माझी ओवाळणी, म्हणालीस, आणि जीप इथेच ठेवून एसटीने परत गेलीस. मी पाटावर बसल्या बसल्या हो म्हटलं. तेव्हा मी जीपखाली वाकलो नव्हतो. काल वाकलो.

तुझ्या जीपला चासी नाही, ताई. डांबर आहे, आणि डांबराच्या आत गंज आहे. हातोडीने ठोकत गेलो. चांगलं लोखंड टणकन वाजतं. हे भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं वाजलं, आणि मागच्या स्प्रिंगपाशी तर हातोडीच आत गेली. कारण उघड आहे. दर दसऱ्याला दाजी खालून डांबर फासायचे, ते गेल्यापासून तू फासतेस. पण आधी चिखल धुवायचा कोणी? चिखलावर डांबर, त्यावर पुढच्या वर्षीचा चिखल, त्यावर पुन्हा डांबर. ओल आत कोंडली आणि निवांतपणे लोखंड खात बसली.

कोपऱ्यावरचा गॅरेजवाला राजू म्हणतो, वरून पट्ट्या मारू, काळा रंग देऊ, पासिंगपुरतं भागेल. त्याला मी हात लावू देणार नाही. वेल्डिंग मी कुठल्या शाळेत शिकलो नाही, पण माझ्या हातचं एक गेट आजवर लवलेलं नाही. सडलं असेल ते सगळं कापायचं, नवी प्लेट घालायची, आणि डावी-उजवी बाजू हुबेहूब सारखी. पासिंगची तारीख १२ डिसेंबर मिळाली आहे.

तुझ्या किशोरचा पुण्याहून फोन होता. म्हणाला, मामा, त्या भंगारात कशाला जीव घालता, आईला मी इकडे आणतोच आहे. तुम्हा मायलेकांचं काय ठरलंय ते मला कोणी सांगेल का?

रूपाली नमस्कार सांगते. तिच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर ग्राइंडरची धूळ बसल्यामुळे सध्या ती एवढंच सांगते.

लोभ आहेच, तो या पत्रानंतरही टिकावा.
तुझा,
ज्ञानेश


नांदगाव,
१५ नोव्हेंबर २०२४

चि. ज्ञानेश यास,
ताईचे अ. आ. वि. वि.

पत्र पोचलं. वाचून इतका राग आला की भाजी करपली. माझ्या जीपला चासी नाही म्हणे! मग नाशकापर्यंत मी काय डांबरावर बसून आले?

यांच्या डांबराला नावं ठेवायची नाहीत. सगळं गाव सोनं लुटायला नवे कपडे घालून निघायचं, तेव्हा हे जुना सदरा घालून जीपखाली पडलेले असायचे. तू तेव्हा ओसरीवर पुरणपोळी खात असायचास. चिखल धुवायचा असतो हे एवढं ठाऊक होतं तर एखादा घास कमी खाऊन बोलायचं होतंस.

ठरलंय ते किशोरचं ठरलंय. म्हणाला, आई, जीप पास झाली तर राहा मळ्यात, मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही झाली तर सामान बांध. मी बरं म्हणून बसले. आता सांग, जीप नसली तर मळ्यातून बाजारापर्यंत शेवंतीची पोती मी डोक्यावर नेऊ? त्याचं घर सातव्या मजल्यावर. आईचा जीव रमावा म्हणून गॅलरीत कुंड्या आणून ठेवल्यात. पोरगं गुणाचं आहे, म्हणून तर राग काढता येत नाही. पण शेत सोडून कुंडीत काय पेरू मी?

तर तुला जमणार नसेल तर तसं सरळ कळव. माझ्या जीवाला घोर नको.

आणि एक. पुढे उजव्या हाताला, रेडिएटरच्या खाली चासीचं टोक येतं, तिथं कापायचं नाही. दसऱ्याला आम्ही तिथं कुंकवाचं स्वस्तिक काढतो. तेवढी जागा हे रॉकेलने पुसून लख्ख करायचे, पूजा झाली की तेलाचा हात फिरवायचे, डांबर लागू द्यायचे नाहीत. मीही तसंच करते. ती जागा राहू दे.

रूपालीला म्हणावं, कपडे गच्चीवर घाल. पत्राचं उत्तर दे, आणि माया पातळ करू नकोस.
तुझी,
ताई


नाशिक,
२५ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

वैतागलो आहे, हे आधीच लिहून टाकतो.

डावी बाजू झाली, पण कशी ते माझं मला ठाऊक. शाबूत दिसतंय म्हणून जोड द्यायला जावं तर तेही आतून खाल्लेलं. रॉड टेकला की भोक. ते भरावं तर शेजारी दुसरं. मागे राहणाऱ्यांची पिठाची गिरणी सुरू झाली की करंट कमी पडतो आणि रॉड चिकटून बसतो. राजू रोज चहाचा कप घेऊन बघायला येतो. परवा म्हणाला, काका, चासी करताय की चाळणी? मी जोड पुन्हा कापून पहिल्यापासून केला. त्याच्यामुळे नव्हे. तो दोन मिलिमीटर सरकला होता.

आता तुझ्या स्वस्तिकाचं. डावी बाजू मी टोकापर्यंत नवी केली, म्हणून उजवीलाही टोकापर्यंत खडूची रेघ मारून ठेवली होती. ग्राइंडर हातात होता आणि रूपाली तुझं पत्र वाचून दाखवत होती. मी भडकलो. म्हटलं, लोखंडाचं काम लोखंडाला विचारून करायचं, कुंकवाला नाही. ती म्हणाली, मग विचारा की लोखंडाला, खरवडून बघा. तुला सडका तुकडाच पाठवावा म्हणून खरवडलं.

तेल आणि कुंकवाच्या थराखाली लोखंड नव्यासारखं निघालं, आणि त्यावर ठोकलेला चासी नंबर, एकेक आकडा सुटा.

तो नंबर बॉनेटमधल्या रिव्हेट मारलेल्या पट्टीवर असतो, अशी माझी समजूत होती. ती पट्टी मी काढून डब्यात जपून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी पासिंगच्या ऑफिसात विचारलं. तिथल्या माणसाने सांगितलं, चासीवरचाच नंबर लागतो. तो कापलात तर मग जीप कितीही मजबूत करा, पास होणं कठीण.

ताई, मी तुला माझ्या हाताने पुण्याला पाठवत होतो.

टोक राहिलं. त्यामुळे उजवीकडे जोड तिरपा घ्यावा लागला आणि दोन्ही बाजू सारख्या झाल्या नाहीत. मला ते खुपतंय, खुपत राहणार. दाजींच्या डांबराबद्दलचं माझं मत तेच आहे. रॉकेलबद्दलचं बदललं.

माझ्यावर जीव असू दे, जमेल तितका.
ज्ञानेश


नाशिक,
१३ डिसेंबर २०२४

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

पास झाली. आनंद व्हायला हवा होता.

साहेबांनी दिवे, हॉर्न, ब्रेक बघितले. नंबरावर कागद धरून पेन्सिल घासली, आकडे स्वच्छ उमटले. मी म्हटलं, साहेब, चासीचं काम मी स्वतः केलंय. त्यांनी वाकून बॅटरीचा एक झोत टाकला आणि म्हणाले, ठीक आहे.

ठीक! महिनाभर उताणा पडून ठिणग्या खाल्ल्या, शर्टाची जाळी झाली, आणि ठीक. राजूच्या पट्ट्यांनाही ते ठीकच म्हणाले असते की काय, या विचाराने झोप लागत नाही.

रविवारी जीप घेऊन येतो. किशोरला तूच कळव, माझ्या तोंडून नीट निघणार नाही.

मायेत खंड नसावा.
ज्ञानेश


नांदगाव,
१८ डिसेंबर २०२४

चि. ज्ञानेश यास,
अ. आ. वि. वि.

किल्ली हातात देऊन चहासुद्धा न घेता एसटी धरलीस. लहानपणी पतंग कापला गेला की असाच जायचास.

तू गेल्यावर मी गोणपाट अंथरलं, बॅटरी घेतली आणि जीपखाली शिरले. शेजारच्या भागुबाईला वाटलं, मी पडले. ती बोंबलत आली, मग तीही वाकली. मी तुझा एकेक जोड बोटाने चाचपला. मागे डावीकडे एके ठिकाणी गाठ लागते, तिथं बहुतेक गिरणी सुरू झाली असेल. बाकी शिलाई सरळ आहे. पुढच्या तिरप्या जोडावर जरा जास्त वेळ हात ठेवला. हे जीपखालून बाहेर यायचे ना, तसं तोंड काळं करून बाहेर आले.

येत्या दसऱ्याला डांबर लागणार म्हणजे लागणार. चिखल धुवायला तू आदल्या दिवशी ये. पुरणपोळी धुऊन झाल्यावर मिळेल.

किशोरला सांगितलं. म्हणाला, आई, मग या कुंड्यांचं काय करू? म्हटलं, माती भरून ठेव. पुढच्या आठवड्यात शेवंतीची रोपं जीपमध्ये घालून मीच घेऊन येते. एक रात्र राहीन, सकाळी परत निघेन.

ओवाळणी पोचली. जपून राहा, आणि ताईवरचा जीव असाच असू दे.
तुझी,
ताई