पाऊस निरंक

१७ जुलै
सकाळी साडेआठ. पाऊस निरंक. सरकारी रजिस्टरात लिहिलं, इथंही लिहिलं. सोळा दिवस झाले. मंडळ कार्यालयाच्या आवारातलं पर्जन्यमापक यंत्र उघडायचं, बाटली पाहायची, कोरडी. बावीस वर्षं कोतवाली केली ती यासाठी.
पराटी दुसऱ्यांदा डोबली, कपाशीचं बी पुन्हा मातीत. बीटीच्या पुड्यावर मुठीएवढं बोंड छापलं आहे, वावरात नुसती ढेकळं. शांता म्हणते, "पुडाच उभा करा धुऱ्यावर." बायकोची जीभ माझ्याहून तिखट.

१९ जुलै
पा. नि. अठरा दिवस. नियम असा की सलग तीन हप्ते, म्हणजे एकवीस दिवस, कोरडे गेले तरच मंडळाचं नाव नुकसानभरपाईच्या यादीत. म्हणजे अजून तीन दिवस पाऊस येऊ नये असं... लिहितानाच लाज वाटली. वावर माझंही आहे ना.
परवा संग्रामपुरात जागतिक तापमानवाढ जनजागृती मेळावा. मंडळ साहेबाचा हुकूम, खुर्च्या लावाले मी. उद्या मुक्कामानं जा.

२० जुलै
पा. नि.
दुपारी बायांनी धोंडी काढली. मुसळाले बेडूक बांधला, कडुलिंबाचा पाला गुंडाळला, घरोघरी पाणी टाकून घेत आवारात आल्या. शांता पुढं. "पावसाचं यंत्र हाय ना थे? मंग त्याच्यापाशीच टाका, देवाले लवकर समजीन!" सगळ्या हसल्या. मीही. बादली मीच ओतली, बेडकावर, यंत्राले खेटून. बरंच पाणी नरसाळ्यात गेलं. बाटली रिकामी करतो म्हणून वळलो, तर साहेबाची जीप, पों पों. "खुर्च्या कोण चढवणार, मी?" गेलो.

२१ जुलै, संग्रामपूर
मेळावा. फ्लेक्सवर बर्फाच्या तुकड्यावर पांढरं अस्वल. आमच्या गावचे रहीमचाचा, वांगी-टमाटे पिकवतात, कानात म्हणाले, "आपल्याकडं त काळं येते बाप्पा, सातपुड्यातून. हे कोनाच्या वावरातलं?"
तहसीलच्या मोठ्या साहेबाचं भाषण दीड तास. धूर कमी करा, झाडं लावा. मोठ्या साहेबाची गाडी बाहेर एसी चालू ठेवून उभी, अख्खा दीड तास. मग हात पुढं करून सगळ्यांनी शपथ घेतली. चाचा उठले. "साहेब, आमाले समजलं. आता सरकार काय करून राह्यलं, थे सांगा." साहेब म्हणाले, वेळ संपली, नाश्ता घ्या.
बाटली डोक्यातून जात नाही. शांताले फोन लावला. पाऊस आला का? "धूळ आली."

२२ जुलै
पा. नि. पण रजिस्टरात कालच्या तारखेले बारा मिलिमीटर! अक्षर गजानन कारकुनाचं, माझ्या मागं बाटली त्यानंच पाहिली. "बाटलीत होतं, लिवलं. वर फोननं कळवलंबी." बाहेर पाह्यलं नाही काय बाप्पा? चिखल होता काय? "मले बाटली पाहाले सांगतलं होतं."
गाढव. आणि मी त्याच्याहून मोठा.
आज एकवीस दिवस भरले असते.

२५ जुलै
पा. नि. मंडळ साहेबाले सांगितलं, पाऊस पडलाच नाही. "नोंद वर गेली, आता खोडता येत नाही. यंत्रात पाणी टाकलं कोणी?" कबूल केलं तर नोकरी जाते. निवृत्तीले तीन वर्षं राहिली. गप्पच राहिलो. थू माझ्यावर.

२ ऑगस्ट
पा. नि. यादी आली. शेजारच्या मंडळाचं नाव आहे, आपलं नाही.
चाचा पारावर ओरडून राह्यले होते, "बारा मिलिमीटर कोनाच्या घरी पडला? दाखवा मले, पाया पडतो त्याच्या!" बाया खाली मान घालून उभ्या. शांता घरी येऊन रडली. इतक्या वर्षांच्या संसारात तिले इतकं रडताना पाहिलं नव्हतं. "आमी पाणी मांगाले गेलतो जी. आन आमच्याच हातानं..."
म्हटलं, तुझ्या नाही, माझ्या हातानं.
"मंग सांगून टाका. नाही त मी सांगते."

६ ऑगस्ट
पा. नि. सांगितलं. पाणी मी ओतलं, साहेब. मंडळ साहेब म्हणाले, "तुमच्या तोंडी सांगण्यावर कोण विश्वास ठेवणार? त्या दिवशी पाऊस नव्हता याचा कागद आहे का?"
कार्यालयात नाही. एकच आहे. ही वही.
हिच्यात काय काय लिहून ठेवलं आहे! कारकून, एसी गाडी, मुक्कामी खुर्च्या. म्हटलं, तेवढी दोन पानं फाडून देतो. शांता म्हणाली, "फाडू नका. फाडलं त खोटं वाटीन."

७ ऑगस्ट
पा. नि. सकाळच्या एसटीनं तहसीलले चाललो, मोठ्या साहेबाकडं. वही पिशवीत. शांतानं भाकर बांधून दिली.
साहेब, इथवर वाचलं असेल तर वरचं सगळं खरं आहे. गाडीचंही. २१ जुलैचं पान दुमडून ठेवलं आहे.