जळलेली धार

३ जुलै
मेले! पातं तापवलं मी.

सुऱ्यांचे व्यापारी होंजोशेठ, त्यांनी दोन सुऱ्या पाठवल्यात. एक कुसुमोतोकाकांच्या भट्टीतली, पांढऱ्या पोलादाची. दुसरी कारखान्याच्या नव्या पोलादाची. तुलना सरळ व्हावी म्हणून धार दोन्हींना एकाच हाताची – माझ्या. मग मात्सुए आचारी दोन्हींनी बारीक काट्यांचा हामो मासा चिरत राहणार. जिची धार जास्त टिकेल, तिचंच काम शेठ पुढे देणार. काका हरले तर भट्टी बंद. सगळ्या साकाई गावाला ठाऊक आहे.

आणि नेमकं काकांचं पातं चाकावर असताना पाण्याची नळी तुंबली. थांबायचं ना! ‘होतंच आलंय’ म्हणून कोरडंच दाबलं. टोकाकडे दोन बोटं जांभळी झाक. म्हणजे तिथलं पोलाद मऊ पडलं, धार टिकायची नाही.

झाक घासून काढली. आता दिसत नाही. शेठना फोन लावायला घेतला आणि ठेवून दिला. ‘बापाच्या हातून कधी असं झालं नाही’ म्हणतील.

५ जुलै
सुऱ्या गेल्या. फोन केलाच नाही.

९ जुलै
शेठच्या दुकानात सगळे जमले होते. मात्सुए म्हणाला, “नवी अजून शर्र शर्र चालतेय. कुसुमोतोंची तिसऱ्या दिवशीच काटे चिरडायला लागली. म्हाताऱ्याचा हात गेला बहुतेक!”

सगळे हसले. मीही हसले. हसले मी!

सुरीवर नाव लोहाराचं कोरतात. धार लावणारीचं कुठेच नसतं. त्यामुळे बोल त्यांनाच.

१० जुलै
काका घरी आले. हातात गार योकान मिठाईचा डबा. माझ्यापुढे पार कमरेतून वाकले. “माफ कर पोरी. माझ्या पोलादानं तुझ्या धारेला खाली पाहायला लावलं.”

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. मी काय म्हणाले? “छे छे काका, उन्हाळाच असा आहे...” उन्हाळ्याचा काय संबंध! आणि डबा घेतला. आईनं खाल्लं योकान, म्हणाली छान आहे.

१४ जुलै
भाजीच्या दुकानात काकू भेटल्या. भट्टी महिनाअखेर विझणार. “सारखं एकच गं – पोलादाला पाणी देताना कुठे चुकलो? जेवतानाही तेच.”

कुठेच नाही हो चुकले! ओठांवर आलं होतं. कोबी घेऊन घरी आले. थू माझ्यावर.

१५ जुलै
सांगितलं. भट्टीत जाऊन, गुडघे टेकून, सगळं.

काका ताडकन उठले आणि आत काकूंना हाक मारली, “ऐकलंस का गं? मी नव्हतो चुकलो! पोलाद चोख होतं माझं!” मला एक शब्द बोलले नाहीत. शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.

ती कसर शेठनी भरून काढली. “बापाचं नाव बुडवलंस!” बुडवलंच. पण पुन्हा तुलना करायला तयार झाले.

२० जुलै
काकांनी नवं पातं घडवलं. स्वतः घेऊन आले, ताठ चालत, वाटेत भेटेल त्याला दाखवत. “नळी बघून घे हं आधी!” म्हणून चिडवलंदेखील.

चाकाला हात लावला नाही. दोन्ही सुऱ्या शेवटपर्यंत हातानं, दगडावर. खांदे भरून आलेत. अशी धार मी जन्मात लावलेली नाही.

२८ जुलै
पांढरं पोलाद पुन्हा हरलं. पहिल्यापेक्षा जास्त टिकलं, पण हरलंच. कारखान्याची सुरी अजून चालतेय. या वेळी धारेत काही खोट नव्हती.

मी पोचले तेव्हा काका भट्टीतली राख उपसत होते. म्हणाले, “खरं सांग. तेव्हा जळलं-बिळलं काही नव्हतं ना? माझं मन राखायला म्हणालीस ते?”

“जळलं होतं काका. शप्पथ!”

“गुणी पोर आहेस,” म्हणाले, आणि माझ्यासाठी चहा ओतायला उठले.