माले फेरी आमच्या प्रयत्नांनी मंजूर झालेली नाही, असा दाखला मिळण्याबाबत

प्रति,
मा. मार्ग नियोजन अधिकारी,
मुळशी खोरे बस सेवा,
पौड, ता. मुळशी, जि. पुणे.

अर्जदार: प्रमोद आनंदा ओव्हाळ, रा. माले, तालुकाध्यक्ष, लोकसमता विद्यार्थी सभा (लोकसमता पक्षाची विद्यार्थी शाखा).

विषय: पौड ते माले ही दुपारी ४.२० ची फेरी कोणत्याही संघटनेच्या प्रयत्नांनी मंजूर झालेली नाही, असा लेखी दाखला देऊन ती विनाउद्घाटन सुरू करण्याबाबत.

संदर्भ: आपले दि. १७ नोव्हेंबर २०२५ चे पत्र, ‘उद्घाटक निश्चित होईपर्यंत फेरी स्थगित’.

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, पौडहून मालेकडे दीडची बस गेली की पुढची थेट साडेसहाला. बारावी शास्त्र शाखेचे प्रात्यक्षिक सुटते चारला. त्यामुळे मालेच्या मुलींनी एक तर प्रात्यक्षिक बुडवावे, नाही तर अंधार पडेपर्यंत स्टँडवर बसावे, किंवा सरळ पायी निघावे. ही अडचण दूर करणारी फेरी आपण १० नोव्हेंबरला मंजूर केलीत, याबद्दल अर्जदार आभारी आहे. मंजूर झालेली बस अद्याप कोणी पाहिलेली नाही, याबद्दल मात्र अर्जदार स्वतः दोषी आहे, आणि तेच पुढे नमूद केले आहे.

२. मंजुरीची बातमी कळताच अर्जदाराने माले फाट्यावर वीस बाय दहाचा फ्लेक्स लावला. मजकूर: ‘आमच्या प्रयत्नांना यश!’ बाजूला बसचे चित्र, चित्राच्या वर अर्जदार. दुसऱ्या दिवशी सभेचेच कार्याध्यक्ष, घोटावड्याचे श्री. किशोर, यांनी समोर पंचवीस बाय पंधराचा लावला. त्यात ते स्वतः बसच्या खिडकीत बसलेले आहेत. तिसऱ्या दिवशी विरोधी विद्यार्थी संघटनेने दोन्हींच्या मध्ये आपला ठोकला. या तीन फलकांमागे थांब्याची शेड पूर्ण झाकली गेली, आणि जी दीडची बस इतकी वर्षे थांबत होती तिच्या चालकाला उतारूच दिसेनासे झाले. म्हणजे नवी बस आली नाही ती नाहीच, जुनीही पुढे जाऊ लागली. अर्जदाराच्या मातोश्री चांगुणाबाई यांनी फाट्यावर चारचौघांत, “बोर्डावर लई बशी आल्यात, रस्त्यावर कवा येनार?” अशी विचारणा केली.

३. उद्घाटनाबाबत तिन्ही पक्षांची बैठक झाली. अर्जदाराचे म्हणणे, हिरवा झेंडा पक्षाच्या जिल्हाध्यक्षांनी दाखवावा. त्यांची तारीख फेब्रुवारीच्या बावीसनंतरची मिळत होती. किशोर यांचे म्हणणे, नारळ आधी त्यांचा फुटावा. शेवटी पौडला एक, वाटेत एक आणि मालेत एक अशी तीन उद्घाटने ठरली. पण बस परत येताना मालेचे, म्हणजे अर्जदाराचे, उद्घाटन पहिले होते, हे किशोर यांच्या लक्षात आले आणि बैठक मोडली. त्यानंतर आपले स्थगितीचे पत्र आले. आपल्या जागी दुसरा कोणीही असता तरी त्याने हेच केले असते, हे अर्जदार मान्य करतो.

४. तथापि आपला हक्क सोडायचा नाही, या जिद्दीने अर्जदार दि. १ डिसेंबर रोजी आपल्या कार्यालयात आला. सर्वांत आधी निवेदन कोणी दिले हे आवक नोंदवहीवरून सिद्ध करावे आणि किशोर यांची बोलती बंद करावी, हा उद्देश. खिडकीवरील श्रीमती आशालता यांनी जूनपासूनची वही दोनदा चाळली आणि सांगितले, “तुमचं हितं काईच न्हाई. माले फेरीसाठी एकच अर्ज आलाय, त्यो पन एका पोरीचा.”

५. अर्जदाराने सदर बाब हसण्यावारी नेली. निवेदन दिल्याचा फोटो अर्जदाराकडे होता, तो सातशे लोकांनी पसंत केला होता. मात्र घरी जाऊन सभेची फाइल उघडली असता निवेदन फाइलमध्येच आढळले. त्यावर चहाच्या कपाचा गोल डाग होता. तेव्हा सगळे आठवले. आपले पूर्वीचे साहेब निवेदन घ्यायला हात पुढे करून उभे होते. किशोर यांनी, “सर, जरा धरून ठेवा, आडवा घ्यायचाय,” असे म्हणून फोटो काढला. साहेबांनी कागद आपल्याकडे ओढून पाहिला, पण अर्जदाराने सोडला नाही. कारण पुढे तोच कागद घेऊन आणखी तीन ठिकाणी फोटो काढायचे होते. तीन ठिकाणी ते काढलेही. सगळीकडे निवेदन दिले आणि सगळीकडून परत आणले. आमच्या सभेत ही पद्धतच पडून गेली आहे, आणि तीत काही चुकते आहे असे दोन वर्षांत एकालाही वाटले नाही.

६. दुसऱ्या दिवशी अर्जदाराने त्या एकमेव अर्जाची प्रत मागून घेतली. वहीचे फाडलेले पान, खाली पाच मुलींच्या सह्या. मजकूर असा: “साहेब, प्रॅक्टिकल चारला सुटते. बस दीडला जाते. आम्ही दीडला गेलो तर जर्नलवर सही मिळत नाही, चारला निघालो तर घरी उशीर होतो. मधे एक बस द्यावी.” पहिली सही: धम्मदीपा आनंदा ओव्हाळ. आवक दिनांक २२ जुलै.

७. धम्मदीपा ही अर्जदाराची सख्खी धाकटी बहीण होय. २२ जुलैची संध्याकाळ अर्जदाराला चांगली आठवते. त्या दिवशी ती दिवेलागणीनंतर, पाऊस झेलत, चिखलाने माखून घरी आली होती. अर्जदार नुकताच ‘रांगेतल्या शेवटच्या विद्यार्थ्यापर्यंत’ या विषयावर भाषण करून आला होता. उशीर का झाला म्हणून त्याने तिला सगळ्या घरादेखत नाही नाही ते सुनावले. खिडकीपुढे रांग होती आणि अर्ज देण्यात दीडची बस गेली, एवढे ती सांगू शकली असती. ती चिखलाचे पाय धुवायला निघून गेली. हे लिहिताना अर्जदाराला लाज वाटते, आणि ती अर्जात लिहिण्याची रीत नसली तरी लिहिली आहे.

८. आता वेळ थोडा उरला आहे. फेब्रुवारीत प्रात्यक्षिक परीक्षा आहे. चार प्रयोगांवर सही नाही, त्यामुळे तिला परीक्षेला बसू देणार नाहीत, असे कॉलेजातून कळवण्यात आले आहे. परवा ती जर्नल मिटवून म्हणाली, “मी आर्टला जाते दादा. तितं प्रॅक्टिकल न्हाई, बस पन लागत न्हाई.” अर्जदाराने घाईघाईने तिच्या अभिनंदनाचा फ्लेक्स लावण्याची तयारी दाखवली. खोड जाता जात नाही. त्यावर तिने सुनावले, “माझा फोटो लावलास तर बघ. मला बस पायजे, बोर्ड नको.”

९. सबब विनंती की:
(अ) ही फेरी अर्जदार, किशोर अथवा अन्य कोणतीही संघटना यांच्या प्रयत्नांनी मंजूर झालेली नाही, असा शिक्क्यानिशी दाखला द्यावा. तो दाखवला की भांडायला काही उरत नाही. किशोर यांना कळवले असून ते दोन दिवस गप्प आहेत. अर्जदार यास संमती समजतो.
(आ) येत्या सोमवारपासून बस सुरू करावी. झेंडा, नारळ, फीत काही नको. कंडक्टरने घंटी मारली की उद्घाटन झाले असे समजावे.
(इ) अर्जदाराने आपला फलक स्वतः उतरवला आहे. उरलेले दोन उतरेपर्यंत माले फाट्यावर शेडच्या पुढे हात करून एक इसम उभा दिसेल. चालकाने त्याला उतारू समजून गाडी थांबवावी, ही विशेष विनंती. तो गाडीत चढणार नाही.

आपला, या खेपेला खरोखरच नम्र,
प्रमोद आनंदा ओव्हाळ
~~तालुकाध्यक्ष~~ धम्मदीपाचा भाऊ

माले, दि. ८ डिसेंबर २०२५

सोबत:
१) धम्मदीपा व इतर चार यांच्या अर्जाची प्रत.
२) सभेचे मूळ निवेदन, चहाच्या डागासह. हे आपल्याकडेच ठेवून घ्यावे.
३) हा अर्ज देतानाचा फोटो: काढलेला नाही.