वारा पडला तेव्हा

प्रिय चिमणे,

पत्र पाहून घाबरू नकोस, तब्येत ठणठणीत आहे. फोनवर तू ‘जेवलात का’ विचारतेस, मी ‘हो’ म्हणतो आणि मग दोघांनाही काही सुचत नाही, म्हणून लिहायला बसलोय. सायकलींची पंक्चरं काढण्यात जन्म गेला, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

टेकडीवरच्या आपल्या तिन्ही पवनचक्क्या मजेत आहेत. थोरली वळताना करकरत होती, त्या सांभाळणाऱ्या आपल्या पंखेवाल्याने वर चढून वंगण घातलं. वस्तीने मिळून त्या उभ्या करायच्या ठरवल्या, तेव्हा सगळ्यांत मोठा विरोध तुझ्या आईचा होता, आठवतं? माझ्या डोक्यावर असल्या भिंगऱ्या नकोत म्हणाली. आणि मग थोरली, मधली, धाकटी अशी नावंही तिनेच ठेवली. धाकटी फिरायला आळस करू लागली की म्हणायची, ही बापावर गेलीय. मी चहाचा कप तोंडाला लावायचो.

पुढे तिला दम लागायला लागला आणि ते ऑक्सिजनचं मशीन घरात आलं. वारा पडला की पंखेवाला दिवेलागणीला भोंगा वाजवायचा, आणि घरोघरचे दिवे मालवायचे. साठवलेली वीज दवाखाना आणि दिवे यांना पुरायची, त्यात आपल्या मशीनची भर पडली की नाही. आईला फार ओशाळं वाटायचं. दुसऱ्या दिवशी खिडकीतून दिसेल त्याला विचारायची, काल अंधारात ठेचकाळला नाहीस ना रे? समोरची शिंपीणबाई म्हणायची, “अहो काकू, अंधारात आमचा नवरा देखणा दिसतो. तुम्ही निवांत श्वास घ्या.”

ती गेली त्या दिवशी तिन्ही चक्क्या भन्नाट फिरत होत्या. विजेला काही तोटा नव्हता. हे मला अजून पचलेलं नाही.

निघताना तू म्हणालीस, बाबा, मशीन दवाखान्यात देऊन टाका. मी बघतो म्हणालो. बघितलं मात्र नाही. चिमणे, मी ते रोज संध्याकाळी चालू करत होतो. नळी तिच्या उशीवर ठेवायची आणि आपल्या खाटेवर पडून राहायचं. त्या घुरघुरीशिवाय डोळाच लागेना.

गेल्या आठवड्यात वारा पडला. पान हलत नव्हतं. भोंगा वाजला नाही. म्हटलं, बरोबर आहे, आता कशाला वाजेल? मशीन चालू करून शर्टाचं बटण लावून घ्यायला समोर गेलो, तर शिंपीणबाई पायरीवर बसून उरल्यासुरल्या उजेडात शिवत होती. गल्लीत एक दिवा नाही. आत तिची सासू भिंत चाचपत चालली होती. विचारलं, हे काय गं? ती सुईवरून नजर न काढता म्हणाली, “वारा नाही ना, काका.” अगं, पण आता कोणासाठी? तिने धागा दातांनी तोडला. “तुमच्याकडून मशीनचा आवाज येतो ना रोज. पंखेवाला म्हणाला, काकांना लागतंय तोवर चालू दे. भोंगा वाजवला तर तुम्हाला कळेल, म्हणून बिचारा दारोदार सांगत फिरला.”

बटण न लावताच घरी आलो. मशीन बंद केलं. ते कशी शिट्टी मारून थांबतं, तुला माहीत आहे. थोडा वेळ काहीच नाही. मग समोर दिवा लागला, मग शेजारी, मग पार कोपऱ्यापर्यंत. सगळी गल्ली उजळली, आणि मला वाटलं, तुझी आई आत्ता गेली.

दवाखान्यात एका आजोबांना मशीन हवंय. मी ते पुसून, चादरीत गुंडाळून दाराशी ठेवलंय. तसं काही फार जड नाही, पण उंबऱ्यापाशी माझे पाय अडतात. म्हणून हे पत्र. जमेल तेव्हा ये. एका बाजूने तू धर, एका बाजूने मी धरतो.

तुझाच,
बाबा