काळजाच्या झडपेवर बसलेला जंतू

पुणे

सौ. मुक्तास गहिनीनाथचा आशीर्वाद.

माझी काळजी करू नको. मूत्रपिंडं निकामी झाल्यावर मशीनवर रक्त धुवायला मानेत घातलेल्या नळीतून जंतू आत गेला अन् काळजाच्या झडपेवर बसला. नळी काढली, शिरेतून औषध चालू हाय. ताप तेवढा हटत न्हाई.

कारखान्याच्या छावणीत बैलांना चारा पुरतोय का? गावाकडं घाटनांदूरला पाण्याचा टँकर येतो का? आईला यातलं काई सांगू नको.

काल जेवताना माझा उजवा हात लुळा पडला, म्हणून शेजारच्या खाटेवरचे सुंदरराव हे लिहितेत.

डॉक्टर म्हणले, "झडप बदलावी लागंल, घरचं माणूस बोलवा." मी म्हणलं, "बायको बैलं सोडून यायची न्हाई."

पण मुक्ता, आता बैलं हरिबाभाऊजींच्या हवाली कर अन् लगेच निघ.

तुझी वाट बघणारा,
गहिनीनाथ