झोपलेला फोटो सोडून बाकी सर्व

मृत्युपत्र लिहून देणाराची बुद्धी शाबूत असून बिघडले आहे ते फक्त पित्ताशय, असे त्याच्या डॉक्टरांनी शुक्रवारी तपासणीनंतर सांगितले. पित्ताशय सोमवारी काढणार आहेत. "घाबरण्यासारखं काही नाही," असेही डॉक्टर म्हणाले. हे वाक्य मी जन्मभर निरनिराळ्या डॉक्टरांच्या तोंडी छापत आलो आहे, म्हणून घरी पोचताच वकीलबाईंना फोन केला.

तर मी, एका दैनिकाचा निवृत्त बातमीदार, कोणाच्या दडपणाखाली नसताना, कोणतीही नशा केलेली नसताना आणि आयुष्यात प्रथमच डोक्यावर उपसंपादक नसताना, लिहून ठेवतो की माझ्या मागे माझ्या चीजवस्तूंचे खालीलप्रमाणे व्हावे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले असते तर दरवर्षी तारीख बदलून तेच पुन्हा दिले असते. सवयच तशी आहे.

कलम पहिले : घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि बाल्कनी हे सर्व माझ्या एकुलत्या एका लेकीस मिळावे. बाल्कनीचे दार फुगून अडकते. ते तासून घेण्याचे मी तिच्या आईला लग्नानंतर लगेच कबूल केले होते. ही जबाबदारीही घरासोबत लेकीकडे जाईल.

कलम दुसरे : टेबलफॅन. हा धाकट्या भावास द्यावा. वास्तविक तो त्याच्याकडेच असतो. उन्हाळा लागला की "दादा, दोन दिवसांकरता नेतो" म्हणून तो फॅन घेऊन जातो आणि थंडीत परत आणून देतो. पारा चढला, अंगाची लाही लाही, नागरिक हैराण, अशा माझ्या सर्व बातम्या फॅनशिवाय लिहिलेल्या आहेत. त्या वाचून हाच भाऊ फोन करी, "दादा, खरंच एवढं ऊन आहे का रे? इथे तर छान वारा आहे."

कलम तिसरे : वार्षिक बातम्या. माझी खरी वडिलोपार्जित इस्टेट हीच. माझ्या आधीच्या बातमीदाराने त्या मला दिल्या तेव्हा त्याचा चेहरा इतका उजळला होता की मी तेव्हाच सावध व्हायला हवे होते. शाळेच्या पहिल्या दिवशी कुठे हसू, कुठे रडू. निकालाच्या दिवशी यंदाही मुलींचीच बाजी. अर्थसंकल्पावर गृहिणींच्या संमिश्र प्रतिक्रिया. रक्तदान शिबिर उत्साहात संपन्न. (निरुत्साहात संपन्न झालेले शिबिर पाहण्याची माझी फार इच्छा होती; ती राहून गेली.) आणि सगळ्यांची थोरली बहीण म्हणजे उन्हाची बातमी. ऊन तेच, कारंजे तेच, उसासे टाकणारे नागरिकही बरेचसे तेच.

या सर्व बातम्या लेकीकडे आधीच गेल्या आहेत, माझ्या मरणाची वाट न पाहता. ती त्याच दैनिकात आहे. परवा घरी येऊन तिने पर्स खुर्चीवर आपटली.

"बाबा, उद्या परत उन्हाची बातमी. सूर्याने काय नवीन केलंय का? मी राजीनामा देते."

"दे. आधी बातमी दे, मग राजीनामा. डेस्क बातमीची वाट बघत असतं, राजीनाम्याची नाही."

"तुम्ही एवढी वर्षं कसं लिहिलंत हो हे?"

"आधीच्या वर्षीचं न बघता."

एवढीच एक विद्या माझ्यापाशी आहे आणि ती मी तिला देत आहे. दरवेळी एका अनोळखी माणसाला एक असा प्रश्न विचारावा, ज्याचे उत्तर आपल्याला ठाऊक नाही. एका वर्षी मी बर्फाच्या कारखान्यातल्या मुकादमाला विचारले, उन्हाळ्यात तुम्हाला बरे वाटत असेल ना? तो म्हणाला, "साहेब, आत मला थंडी वाजते आणि बाहेर चक्कर येते. उन्हाळ्यात मी फक्त दारात उभा असतो." त्या बातमीतले हे एकच वाक्य चांगले होते. आमच्या उपसंपादकाने, ज्याला सगळे कात्री म्हणत, तेच जागेअभावी कापले. कात्रीला माझ्या मालमत्तेतून काहीही देऊ नये. मागायला आल्यास जागेअभावी नाही म्हणावे.

कलम चौथे : फोटो. येथे थोडी पार्श्वभूमी द्यावी लागेल.

आमच्या दैनिकातला छायाचित्रकार फोकस हा माझा मित्र होता. एका उन्हाळ्यात संपादकांनी आम्हा दोघांना भर दुपारी बाहेर काढले. बातमी माझी, फोटो त्याचा. रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. लोक शहाणे असतात, उन्हाच्या दुपारी घरी बसतात. कारंज्याजवळच्या बाकावर मी जरा टेकलो. अंगावर आमचाच अंक पसरला आणि माझा डोळा लागला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर तीन कॉलमांत मी होतो, मान मागे टाकलेला आणि तोंड उघडे. खाली ओळ होती, 'उन्हाने हैराण झालेले एक ज्येष्ठ नागरिक.' तेव्हा माझी चाळिशीही उलटली नव्हती.

मी ऑफिसात त्याला गाठले. "लेका, तू मित्र की कसाई?"

"अरे, अख्ख्या गावात उन्हाचा एवढा चांगला चेहरा दुसरा नव्हता. मी तरी काय करू?"

"आणि ज्येष्ठ नागरिक?"

"ती ओळ कात्रीची. मी नुसतं 'एक इसम' लिहून दिलं होतं."

त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलणे टाकले. प्रकरण तिथेच मिटले असते, पण वर्तमानपत्रात चांगला फोटो कधी मरत नाही. पुढल्या उन्हाळ्यात तो संग्रहातून परत निघाला आणि मग दर उन्हाळ्यात निघत राहिला. वर माझी बातमी, शेजारी माझे उघडे तोंड. नवे आलेले लोक मला विचारत, "हे आजोबा अजून आहेत का हो?" आता वयाने मी त्या ओळीला गाठले आहे. आमच्या दैनिकाचे एवढे एकच भाकीत खरे ठरले.

दैनिकाच्या संग्रहात माझा दुसरा फोटो नाही. बातमीदाराचा फोटो कोण काढतो? म्हणजे सोमवारी काही कमीजास्त झाले तर निधनवार्तेसोबत तोच छापला जाईल, आणि त्या फोटोतला मी तसाही गेलेलाच दिसतो. म्हणून स्पष्ट लिहितो की तो फोटो निधनवार्तेत छापू नये. तसेच 'शोककळा पसरली' आणि 'कधीही भरून न येणारी पोकळी' हे शब्द वापरू नयेत. पोकळी भरून येते. मी निवृत्त झालो त्या आठवड्यातच माझ्या टेबलावर कोणीतरी डबे ठेवायला सुरुवात केली होती.

कलम पाचवे : भिंतीवरचा फोटो. माझ्या कैलासवासी पत्नीचा बाहेरच्या खोलीतला फोटो लेकीस द्यावा. ती गेली त्या दिवशी फोकस आला, दारात उभा राहिला, एक पाकीट लेकीच्या हातात देऊन निघून गेला. पाकिटात हा फोटो होता. तो इतकी वर्षे माझ्यासमोर आहे. ही एवढी कशाला हसते आहे, हे मला कधी कळले नव्हते. गेल्या महिन्यात डोळ्यांचे ऑपरेशन झाले आणि पहिल्यांदा फोटोतले मागचे नीट दिसले. मागे आमच्या स्वयंपाकघरातले कपाट आहे आणि कपाटावर कात्रण चिकटवलेले आहे, उघड्या तोंडाचे.

लेकीला विचारले. ती म्हणाली, "म्हणजे काय? तो फोटो छापून आल्यावर फोकसकाका माफी मागायला आले होते ना. तुम्ही ऑफिसात होतात. आई म्हणाली, भावजी, माफी कसली मागता, घरात असेच झोपतात हे. आणि जी हसायला लागली! हा फोटो तेव्हाच काढला त्यांनी. कात्रण मात्र तुम्ही घरी यायच्या आत आईने उतरवलं."

"मला कोणी सांगितलं नाही ते?"

"आई म्हणाली होती, राग उतरला की सांगू."

हा फोटो कडेने कापू नये. मागचे कपाट राहू द्यावे.

कलम सहावे : रद्द. या कलमान्वये मी माझी मोठी काळी छत्री फोकसला दिली होती आणि साक्षीदार म्हणूनही त्याचेच नाव घातले होते. वकीलबाईंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिले.

"काका, असं चालत नाही. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही द्यायचं नसतं. उद्या कोणी हरकत घेतली म्हणजे? एक काय ते ठरवा. छत्री द्यायचीय की सही घ्यायचीय?"

छत्री माझ्या मागे कोणीही नेऊन देऊ शकेल. साक्षीदाराला मात्र माझ्या जिवंतपणी माझ्या घरी यावे लागते, समोर बसावे लागते आणि माझ्याकडे नीट पाहावे लागते. मी सही निवडली. छत्री लेकीला द्यावी. उन्हाच्या बातमीला उपयोगी पडेल.

वरील मजकूर मी शुद्धीत, माझ्याच हाताने लिहिला आहे. खाडाखोड आहे तेथे माझी आद्याक्षरे आहेत.

लिहून देणार : (सही दोन्ही साक्षीदारांसमोर करावयाची असल्याने जागा रिकामी)

साक्षीदार एक : तळमजल्यावरचे शिंपी. आज येऊन, चहा घेऊन, दुसरा साक्षीदार नसल्यामुळे परत गेले. उद्या पुन्हा येण्याचे त्यांनी मान्य केले आहे.

साक्षीदार दोन : फोकस, छायाचित्रकार.

ठिकाण : राहते घर, जेवणाचे टेबल.
दिनांक : उद्याचा, रविवारचा घालावा.

ताजा कलम : लेकीने आत्ताच फोकसला फोन केला. त्याने एवढेच विचारले, "कॅमेरा आणू का?" मी हो म्हणून कळवले आहे. तो उद्या सकाळी येणे अपेक्षित आहे. लिहून देणार तोपर्यंत खुर्चीत जागा राहील आणि तोंड मिटून बसेल.